कडुनिंबाखालची लाल गाडी

३ मे, बुधवार

आज सकाळी कोणीतरी माझ्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवला. वायपरखाली खोचता आला असता, दोरीने बांधता आला असता. पण नाही. गोंद! आणि तो लावण्यासाठी माझं कव्हर उचललं, काम झाल्यावर तसंच लोंबतं सोडून दिलं. एक तास मी कोमट पाणी आणि फडका घेऊन ती काच घासत होते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मे महिन्यात, दिल्लीत.

कागदावर आमच्या रेसिडेंट्स असोसिएशनचे सेक्रेटरी खुराणा यांची सही. गल्लीतल्या जुन्या, बंद गाड्या पंधरा दिवसांत हलवा, पुढे काही झाल्यास असोसिएशन जबाबदार नाही. चार ओळींच्या इंग्रजीत सहा चुका. माझ्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी असा कागद लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

म्हणून आजपासून ही वही. तेहतीस वर्षं केंद्र सरकारात काढली, अंडर सेक्रेटरी म्हणून बाहेर पडले, आणि एवढं नक्की शिकले की ज्याच्याकडे तारखा असतात तो भांडण जिंकतो.

तर नोंद. गाडी एमजी, दोन सीटांची, उघड्या टपाची, लाल. नोंदणी दिल्लीची, ९ फेब्रुवारी १९७४. वकिलातीतला एक अधिकारी मायदेशी परतताना ती विकायला निघाला, तेव्हा १९७८ साली मी घेतली, खात्याची रीतसर परवानगी काढून. ती बंद नाही. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्लीच्या रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून चालवत नाही. हा फरक खुराणांना कळेल अशी अपेक्षाही नाही. येत्या फेब्रुवारीत तिला पन्नास पूर्ण होतील. मग कायद्यानेच ती विंटेज, आणि तिला भंगार म्हणायची कोणाची टाप राहणार नाही. नऊ महिने काढायचे आहेत.

गॅरेज नाही. मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला गॅरेज कुठून असणार? गाडी कडुनिंबाखाली असते, माझ्या जिन्यापासून नऊ पावलांवर.

७ मे, रविवार

रविवार म्हणजे गाडीचा दिवस. कव्हर दोन थरांचं आहे. आत जुन्या सुती चादरी, वर कॅन्व्हस. प्लास्टिकची ताडपत्री कधीही नाही. तिच्याखाली गाडीला घाम सुटतो आणि रंगाला फोड येतात. दहा वाजता सगळं उतरवायचं, चादरी वाळत घालायच्या, दारं उघडून आत ऊन-वारा जाऊ द्यायचा. बॅटरी मी घरात ठेवते. ती भाजीच्या ट्रॉलीतून खाली आणायची, जोडायची, इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायचं. मग गाडी हातभर पुढे ढकलायची, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

हे सगळं मी एका माणसाच्या नजरेखाली करते. तळमजल्यावरचे सुभेदार हिंदुराव पिसाळ. फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. १९९६ साली यांनी आपल्या फ्लॅटसमोरच्या सार्वजनिक जागेला लोखंडी जाळी ठोकली, फाटक लावलं, कुलूप घातलं, आणि तेव्हापासून आत खुर्ची टाकून बसले आहेत. त्या जाळीविरुद्ध मी आजवर नऊ पत्रं लिहिली. प्रत्येकाची प्रत त्यांनाही पाठवली. पाठीमागून वार करणाऱ्यांपैकी मी नव्हे.

आज म्हणाले, "बाईसाहेब, काचंखाली लिंबाची पानं साचल्यात. पाणी तुंबलं की पत्रा आतनं खातो."

"सुभेदार, तुम्ही काय काय खाल्लंत ते मी मोजलंय. माझ्या पत्र्याची काळजी नको."

आतून त्यांची बायको गिरिजा चक्क हसली. नवऱ्याचा अपमान होत असताना हसणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पानं होती, ती गोष्ट वेगळी. चांगल्या सहा मुठी. ते आत गेल्यावर काढली.

आणखी एक. कोणीतरी माझ्या कव्हरच्या गाठी सोडून पुन्हा बांधतं. मी साधी गाठ मारते, सकाळी तिथे भलतीच असते, ओढली की जास्तच आवळणारी. यात कोणाचा काय डाव आहे ते शोधून काढायला हवं.

१६ मे, मंगळवार

असोसिएशनची सभा. खुराणा सर्वांसमोर मला म्हणाले, "मैडम, यह गाड़ी है या म्यूज़ियम?"

मी म्हटलं, "म्यूज़ियम में टिकट लगता है. आप तो बीस साल से मुफ़्त देख रहे हैं."

लोक हसले. गाड्या हलवायचा ठराव तरीही झालाच.

माझा मुद्दा साधा आहे. आमच्या गल्लीत खऱ्या भंगार गाड्या तीन आहेत. एकीला चाकं नाहीत, एकीत लोक कचरा टाकतात, तिसरीत मांजर व्यायली आहे. त्यांच्या मालकांना कोणी विचारत नाही, कारण ते सभेत खुराणांच्या शेजारी बसतात. घरी आले, चहाही न घेता लिहायला बसले. संबंधित खात्याला पत्र, पोलिसांना प्रत, महापालिकेला प्रत. "या गल्लीत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या सर्व जुन्या वाहनांवर, मालकाचं वय, हुद्दा वा ओळख यांचा मुलाहिजा न ठेवता, तत्काळ कारवाई व्हावी." सोबत नकाशा जोडला, जिन्यापासून विजेच्या खांबापर्यंत, मापांसकट. कित्येक वर्षांत इतकं सुबक पत्र लिहिलं नव्हतं. पोस्टात टाकून आले तेव्हा गुडघेसुद्धा दुखत नव्हते.

२८ मे, रविवार

काल दुपारी पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये एका सभेला गेले होते. चारच्या सुमाराला धुळीची आंधी आली. आभाळ पिवळं पडलं आणि तासभर आम्ही खिडक्या धरून बसलो. मला एकच दिसत होतं, कडुनिंबाची ती फांदी.

परत आले तर फांदी खाली. गाडीच्या अगदी कडेला. कव्हर जागच्या जागी, त्याच भलत्या गाठींनी आवळलेलं, आणि कव्हरखाली बॉनेटवर कोणाची तरी गोधडी! जुन्या लुगड्यांची, चार पदरी. वरच्या कॅन्व्हसवर फांदीचा ओरखडा. म्हणजे आता माझी गाडी ही लोकांची गाद्या-गोधड्या ठेवायची जागा झाली. गोधडी घडी करून जाळीच्या कठड्यावर ठेवली, वर चिठ्ठी टोचली: "सार्वजनिक वापरासाठी नाही." ही वस्तू कोणाची ते मला माहीत नव्हतं, पण जाळी जवळ होती.

बॉनेटला पोचा नाही. दैव.

२१ जून, बुधवार

गाडी नेली.

सकाळी अकरा वाजता क्रेन आली. मी न्हाणीघरात होते. गिरिजाचा आवाज ऐकून ओल्या केसांनी खाली धावले तर ती हातात पीठ माखलेलं लाटणं घेऊन क्रेनसमोर उभी. "ओ भाईसाब, हात नको लगाव! वो बाई की गाडी है, भंगार नही!" तिन्ही खरी भंगारं आधीच उचलली होती. आता माझी.

मी विचारलं, कोणाच्या हुकमाने? क्रेनबरोबरचा माणूस कागद फडकावून म्हणाला, "शिकायत आई है, मैडम. नक्शे के साथ." चष्मा वर राहिला होता. वाचायची गरजही नव्हती. खुराणा बाल्कनीत उभे होते आणि खाली बघायचं टाळत होते. गुन्हेगाराचा चेहरा मी तेहतीस वर्षं ओळखत आले आहे.

आणि सुभेदार! ते क्रेनवाल्यांना चहा पाजत होते! सत्तावीस वर्षं या माणसाबद्दल माझं मत वाईट होतं, तेही कमीच पडलं. माझी गाडी चालली होती आणि हे त्यांच्याशी पट्ट्यांवर चर्चा करत होते. साखळी नको, चपटा पट्टा घ्या, चाकाखालनं घाला, बंपरला हात लावू नका. पंधरा मिनिटं. शेवटी गाडी पाळण्यातल्या पोरासारखी वर गेली आणि हे ट्रकच्या मागे आपली स्कूटर काढून निघून गेले. तमाशा शेवटपर्यंत बघायची हौस.

कडुनिंबाखाली कोरडा चौकोन राहिला आहे. त्यावर आता लिंबोळ्या पडत आहेत.

२३ जून, शुक्रवार

गाड्यांचं आवार यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या वाटेवर. उघडं मैदान. शेकडो गाड्या एकमेकींच्या अंगावर. माझी एका कोपऱ्यात, विटांवर, आणि तिच्यावर माझंच कव्हर, त्याच त्या गाठींनी बांधलेलं. म्हणजे तो माणूस इथेही पोचला होता. इतका राग आला की गाठ सोडायलाच दहा मिनिटं लागली. आत सगळं कोरडं.

ऑफिसात टेबलावर एक तरुण बाई. नम्र. नियम सांगितला: दंड भरा आणि हमीपत्र द्या. गाडी एकतर एनसीआरबाहेर, म्हणजे दिल्ली आणि लगतच्या जिल्ह्यांबाहेर न्या, नाहीतर रस्त्यावर नव्हे, खाजगी जागेत ठेवा. बंद जागा, फाटक असलेली, ज्याच्या ताब्यात असेल त्याची सही. बारा जुलैपर्यंत. नाहीतर गाडी कापायला जाईल.

मी म्हटलं, आधी मला ती तक्रार दाखवा. माझा हक्क आहे.

तिने फाइल उघडली आणि माझ्याकडे फिरवली.

माझं अक्षर. माझा नकाशा. सिस्टर बर्नाडेटनी गिरवून घेतलेला माझा मोठा 'ए'.

"आपकी ही है न, मैडम?" ती म्हणाली. "बहुत अच्छी कम्प्लेंट थी. सर ने सबको दिखाई, कहा ऐसे लिखते हैं."

पत्र उत्तमच होतं. एक शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. नकाशात चार चौकोन होते. मोजले मी. चार. मापं घेताना रेघ मोडू नये म्हणून चौथाही काढला होता.

२४ जून, शनिवार

आज काही नोंदवायचं नाही.

२७ जून, मंगळवार

भाच्याला, म्हणजे माझ्या भावाच्या अविनाशला, फोन केला. बंगळूरला असतो. म्हणाला, "आत्या, छोड ना यार. तू चालवतही नाहीस. फोटो आहेत की आपल्याकडे. एक छान फ्रेम करून देतो."

फ्रेम! मेलेल्या माणसांची करतात ती?

त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. सत्तावीस वर्षांची होते तेव्हा. नोकरदार मुलींच्या हॉस्टेलबाहेर गाडी उभी केली की दरवान विचारायचा, साहेब कुठे आहेत? पेट्रोल पंपावर विचारायचे, मिस्टरांची का? ट्रॅफिक पोलीस, माझे वरिष्ठ, माझी सख्खी आई, सगळ्यांचा एकच प्रश्न. मी प्रत्येक वेळी काच खाली करून सांगितलं, माझी आहे. या शहरात पंचेचाळीस वर्षं कोणाला खरं वाटलं नाही, आणि मी सांगायचं थांबवलं नाही. आता माझ्याच सहीने ती कापायला जाणार.

खुराणांशी जिन्यात गाठ पडली. त्यांच्यावर संशय घेतल्याबद्दल काही बोलावं असं मनात आलं. पण त्यांनी लिफ्ट नसल्याबद्दल कुरकुर सुरू केली, मग राहिलं.

३० जून, शुक्रवार

गिरिजा वर आली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ताटलीत गरम थालीपीठं, वर लोण्याचा गोळा.

"ताई, ह्यांनी इच्यारलंय. गाडी आमच्या जाळीत लावा की. तुळस आन् कडीपत्ता सरकवू."

मी म्हटलं, "गिरिजा, ती जागा तुमची नाही."

"तुमच्या नऊ पत्रांत हाय की तसं," ती शांतपणे म्हणाली. "आन् ती गोधडी बी तुम्ही परत दिलीत. सासूबाईंची हुती. आंधीत ह्यांनी टाकली, फांदी मोडाय लागल्याली बघितली म्हून. चिठ्ठी वाचून दोन दिस हसत हुते."

मी दुसरं थालीपीठ घेतलं. पहिलं अजून तोंडात होतं.

ती गेल्यावर मात्र संताप आला. चोरीच्या जागेत माझी गाडी! आणि हमीपत्रावर सही कोणी करायची? मी! आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून दोनदा बढती हुकली. आता बहात्तराव्या वर्षी सुरुवात करू?

४ जुलै, मंगळवार

आठ दिवस उरले. एनसीआरबाहेर माझं कोणी नाही, असं म्हणजे की ज्याच्या अंगणात मी डोळे मिटून गाडी सोडेन.

संध्याकाळी जाळीच्या आत गेले. बसायला दिलेली खुर्ची त्यांचीच होती. तिथून माझा जिना, माझी खिडकी, कडुनिंब, सगळं दिसतं. एवढं स्वच्छ दिसत असेल याची मला कल्पना नव्हती.

"सुभेदार, मला लिहून द्यावं लागेल की ही जागा खाजगी आहे. ती नाही."

"न्हाईच हाय," ते म्हणाले.

मी वादाला तयार होऊन गेले होते, पंचाईत झाली. "मग तुम्ही हे सगळं का करताय? मी तुमच्याविरुद्ध नऊ पत्रं लिहिली."

"झकास असत्यात तुमची पत्रं. आमची थोरली त्यावरच इंग्रजी शिकली. अवघड शब्दाला पेन्सिलीनं खूण करायची. आता ब्यांकेत मॅनेजर हाय." मग म्हणाले, "आन् बाईसाहेब, गाडीनं काय घोडं मारलंय? भांडण तुमचं न् माझं."

फॉर्म वाचून दाखवला. एक रकाना होता: जागा कोणाच्या ताब्यात, आणि केव्हापासून. मालकीचा रकाना नव्हता. मी पेन काढलं आणि बराच वेळ तसंच धरून बसले. हा कागद सरकारी फाइलीत राहणार. उद्या कोणी जाळी पाडायला आलं तर हे तोच कागद पुढे करतील, आणि त्यावर माझं अक्षर असेल. नऊ पत्रांची किंमत शून्य.

लिहिलं: "१९९६ पासून सुभेदार हिंदुराव पिसाळ यांच्या अखंड आणि निर्वेध ताब्यात." 'अखंड आणि निर्वेध' लिहायची गरज नव्हती. पण अर्धवट लिहिणं मला जमत नाही.

कागदाच्या डोक्यावर 'खाजगी जागा' असं छापलेलंच होतं. छापलेलं मी लिहिलेलं नाही. हे स्पष्टीकरण माझ्या हाताखालच्या एखाद्याने दिलं असतं तर मी त्याला केबिनबाहेर काढलं असतं. सही केली. त्यांनीही केली, खाली, मराठीत, फार वळणदार.

११ जुलै, मंगळवार

गाडी आली! सपाट ट्रकवरून, काल. सुभेदार ट्रकच्या मागे उलटे तोंड करून बसून आले, गाडीकडे नजर ठेवून. एक ओरखडा नाही.

पण आत मावेना. तुळस सरकवली, कडीपत्ता सरकवला, खुर्ची काढली. गाडीचा मागचा भाग दीड फूट बाहेर, फाटक लागेना. आणि फाटक बंद असलेला फोटो उद्यापर्यंत पाठवायचा आहे, तेव्हाच हमीपत्र पक्कं. गिरिजा म्हणाली, "मोटार आडवी घाला." सुभेदारांनी पावलांनी रुंदी मोजून मान हलवली.

शेवटी ते म्हणाले, "एकच हाय. जाळी पुढं घ्यायची. पण तुम्ही म्हणाल..."

"मी काय म्हणेन?"

"दीड फूट रस्त्यात जातीय, बाईसाहेब."

मी वरून टेप आणली. जमिनीवर गुडघे टेकले आणि खडूने रेघ आखली. वेल्डर दुपारी आला, त्याने माप विचारलं. सुभेदार दीड म्हणाले. काहीतरीच! दीड फुटात गाडी मावेल, माणूस कुठून फिरेल? दार उघडून सीटमागे बॅटरी जोडायची कशी? काम करायचं तर नीट करावं. मी अडीच सांगितलं.

पाच वाजता फाटक लागलं. फोटो पाठवला.

२९ जुलै, शनिवार

हद्द झाली. आज आमच्या जाळीवर नोटीस! महापालिकेकडे तक्रार गेली आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडीच फूट अतिक्रमण, तत्काळ काढा. तक्रारदार अर्थातच खुराणा. प्रत मिळवून वाचली. मुद्दे विस्कळीत, तारखा नाहीत, नकाशा तर नाहीच. आणि भाषा! 'अतिक्रमण' या साध्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे.

सुभेदार जरा धास्तावले आहेत. मी म्हटलं, घाबरू नका, उत्तर मी लिहिते. दुपारी जाळीत टेबल टाकलं. गिरिजा चहा करत होती आणि मधून मधून सुचवत होती, "त्येंच्या बाल्कनीचं बी लिवा, ताई. ती बी वाढीव हाय." लिहिलं. मापांसकट. सुभेदार गाडीचं कव्हर उन्हात झटकत होते आणि मी वाचलेलं ऐकत होते. "निर्वेध" आलं की मान डोलवायचे.

पाच पानं झाली. तरी राग जात नाही. एका जिन्याने चढायचं-उतरायचं, एकमेकांच्या फोडणीचा वास घ्यायचा, आणि वर शेजाऱ्याविरुद्ध असला कागद लिहायचा! माणसाच्या हातून हे होतं तरी कसं, मला खरंच कळत नाही.